चार तासांत संपणाऱ्या प्रेमकथा

सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत आम्ही दोघी एका खोलीत सलग चार तास कधी बसलो नव्हतो.

मी नाशिकची, बौद्ध घरातली. नवरा चांदवडकडचा, कांदा करणाऱ्या मराठा घरातला. आम्ही रजिस्टर लग्न केलं तेव्हा सासरकडून कुणी आलं नाही. पुढे दीर येऊ-जाऊ लागले, मुलगी झाल्यावर सासरेही एकदा येऊन गेले. सासूबाई आल्या नाहीत. आम्ही गावी गेलो की त्या जेवायला वाढत, पण माझ्याशी काही बोलायचं झालं तर मुलीमार्फत बोलत. ‘आईला विचार, भाकर वाढू का.’ मी समोरच बसलेली असायची. मुलगी बोलायला लागल्यापासून हे निरोपाचं काम करत होती.

सासरे वारले आणि त्यानंतर दोन वर्षांनी सासूबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा गावाहून येणं-जाणं जमणारं नव्हतं, म्हणून त्या आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आल्या. नवरा अंबडला कारखान्यात, त्याच्या शिफ्ट सारख्या बदलणाऱ्या. माझी शाळा दुपारच्या सत्रातली. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. कुणी काही ठरवायच्या आधीच ते काम माझ्याकडे आलं.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर तो हॉल होता. सहा खाटा, सहा मशीन, मध्ये हिरवे पडदे. आधी वजन करायचं, मग डाव्या हातात दोन जाड सुया, आणि चार तास तो हात हलवायचा नाही. एसीची थंडी एवढी, की एप्रिलातही सासूबाई पायांवर घोंगडी घेत. पहिले तीन आठवडे आम्ही एक शब्द बोललो नाही. मी वह्या तपासत बसायची. त्या छताकडे बघत पडून राहायच्या.

चौथ्या आठवड्यात परीक्षा संपल्या, वह्या संपल्या, म्हणून मी पुस्तक घेऊन गेले. आमच्या गल्लीतल्या लायब्ररीतून आणलेला प्रेमकथांचा संग्रह होता तो. वेगवेगळ्या लेखक-लेखिकांच्या अठरा कथा. त्या वर्षी माझ्याकडून मोठी कादंबरी वाचून होत नव्हती. तीसेक पानं व्हायची, मग चार दिवस खंड पडायचा, आणि परत उघडलं की कोण कुणाची बहीण ते आठवायचं नाही. वीस पानांची गोष्ट मात्र मधल्या सुट्टीत अर्धी आणि घरी आल्यावर अर्धी अशी होऊन जायची. प्रेमकथाच का, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दिवसभर औषधं, पथ्य, वजन हेच बोलणं असायचं. त्यात दुसरं काहीतरी हवं होतं, एवढंच.

“काय वाचती एवढं?”

मी दचकले. मुलगी सोबत नव्हती, म्हणजे प्रश्न मलाच होता.

“गोष्ट आहे, आई.”

“कसली?”

ज्यांच्या मुलाशी मी प्रेमविवाह केला, त्यांना हे सांगावं की नाही असा मला क्षणभर प्रश्न पडला. पण खोटं काय बोलणार?

“प्रेमाची आहे.”

त्या पुन्हा छताकडे बघू लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “मोठ्यानं वाच मग. मला तरी इथं दुसरं काय काम हाय?”

ती पहिली गोष्ट एका तालुक्याच्या गावातल्या शिंप्याची होती. एक बाई दर महिन्याला त्याच्याकडे एकच ब्लाउज घेऊन येते, कधी सैल कर म्हणते, कधी घट्ट कर म्हणते. शेवटी कळतं की त्यानं तो ब्लाउज एकदाही उसवलेला नाही, नुसती इस्त्री करून देत आलाय. मी वाचून संपवलं. सासूबाई म्हणाल्या, “त्याला पहिल्यापासून कळत व्हतं. सोंग करीत व्हता.” मग जरा थांबून, “ती बी.”

दुसऱ्या गोष्टीतला नायक चंद्राशी बोलत होता. तीन पानं ऐकून त्या म्हणाल्या, “पुढची घे.” मी पुढची घेतली. कादंबरी नावडली तर आपण तिच्यात अडकून बसतो, इतका वेळ फुकट गेला म्हणून चडफडतो. संग्रहात नुसतं पान उलटायचं असतं. आणि एकाच पुस्तकात अठरा जोडपी भेटतात. कॉलेजातली, साठीतली, एकाच घरात वीस वर्षं न बोलता राहिलेली. सासूबाई सातवी शिकलेल्या होत्या, लग्नानंतर पुस्तक हातात धरलेलं नव्हतं, पण कुठली गोष्ट खरी वाटते आणि कुठली जुळवलेली आहे हे त्यांना दोन पानांत कळायचं.

तिसऱ्या की चौथ्या वेळी पडद्यापलीकडून आवाज आला, “ताई, जरा मोठ्यानं वाचा ना. इकडं निम्मंच ऐकू येतं.”

शेजारच्या खाटेवर पन्नाशीचे एक गृहस्थ असायचे. अंबडच्याच एका मशीन शॉपमध्ये फोरमन होते, दोन वर्षांपासून डायलिसिसवर. त्यांची बायको त्यांना आत सोडून बाहेर पॅसेजमधल्या बाकावर बसायची, कारण आत सुया बघून तिला चक्कर यायची. सिस्टरना विचारून मी मधला पडदा सरकवला. तेव्हापासून दोन श्रोते झाले.

संग्रह संपल्यावर लायब्ररीवाल्या काकूंनी मला जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा काढून दिला. दर अंकात एक लघुकादंबरी, आणि त्यातल्या बऱ्याच प्रेमाच्याच. आठ-दहा दिवसांत मला हिशोब कळला. नव्वद पानं मोठ्यानं वाचायला सव्वातीन तास लागतात. उरलेला वेळ बीपी तपासायला, सासूबाईंच्या पायात गोळे आले तर ते चोळायला, आणि मला घोटभर पाणी प्यायला. तेही पॅसेजमध्ये जाऊन, कारण आत ज्यांना दिवसाला लिटरभरच पाण्याची मुभा होती त्यांच्यासमोर मला ते पिववत नसे.

लघुकादंबरीचा गोडवा मला तिथं समजला. छोट्या कथेत दोन माणसं एकमेकांकडे बघतात आणि गोष्ट संपते. मोठ्या कादंबरीत त्यांच्यामागोमाग मामा, मावश्या, वाटण्या सगळे येतात. लघुकादंबरीत माणसं भांडतात, आणि भांडण मिटायलाही जागा असते, पण मामा-मावश्यांना नसते. फोरमन काकांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. “आमच्याकडं कसं असतं ताई, जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी भाग, आपल्याच शिफ्टला मशीनवर चढला आणि आपल्याच शिफ्टला उतरला की माणूस सुखानं घरी जातो. अर्धा जॉब दुसऱ्याच्या हाती सोडून जायला जिवावर येतं.”

एवढं सगळं कळूनही मी मोठी कादंबरी आणली. चूक माझी. मी शिक्षिका, आपले श्रोते तयार झाले असं वाटलं की त्यांना पुढच्या इयत्तेत घालावंसं वाटतं. चारशेवीस पानांची होती. डोंगरातल्या खेड्यात धरणासाठी मोजणी करायला आलेला सर्व्हेअर आणि तिथल्या सरकारी दवाखान्यातली नर्स. सासूबाईंनी पुस्तकाची जाडी बघूनच नाक मुरडलं, पण पहिल्या दिवसानंतर त्याच विचारायला लागल्या, “शुक्रवार कधी हाय?”

तिसऱ्या आठवड्यात सर्व्हेअरची बदली झाली. तो गेला. आधी पत्रं आली, मग यायची थांबली.

“येणार तो,” काका म्हणाले. “मापं घेणारा माणूस काम अर्धवट टाकत नाही.”

“नाय येत,” सासूबाई म्हणाल्या. “गेलेला गडी गेला.”

“लावता पैज, मावशी?”

“कशाची?”

“अर्धा कप चहाची.”

सासूबाईंनी विचार केला. पाण्याच्या त्या मोजमापात अर्धा कप चहा म्हणजे थट्टा नव्हती. “लावली,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “तू शेवटचं पान बघायचं नाय. घरी बी नाय.” आणि पुस्तक त्यांनी स्वतःच्या पिशवीत, औषधांच्या डब्याखाली ठेवून दिलं.

तो मंगळवार होता. शुक्रवारी शेजारच्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. मला वाटलं, त्यांची वेळ बदलली असेल. सिस्टरनी सुया लावून झाल्यावर हळू आवाजात सांगितलं, “काका बुधवारी गेले. घरीच. हार्ट.” मी पिशवीतून पुस्तक काढायला हात घातला होता. सासूबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे.” त्या दिवशी काही वाचलं नाही. चार तास किती मोठे असतात ते मी विसरले होते.

त्यानंतरचा आठवडाही तसाच गेला. मग पुढच्या मंगळवारी, आठच्या सुमाराला, काकांच्या पत्नी हॉलच्या दारात दिसल्या. रिपोर्टची फाईल न्यायला आल्या होत्या. सिस्टर फाईल शोधत होत्या तोवर त्या आमच्या खाटेशी आल्या. मशीनकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“तुम्हीच वाचून दाखवायच्या ना?”

“हो.”

“घरी येऊन मला सगळं सांगायचे. जेवताना. त्या नर्सची आई, तो वाहून गेलेला पूल, सगळं मला माहिती आहे.” मग म्हणाल्या, “तो परत आला का?”

“आम्ही पुढे वाचलंच नाही,” मी म्हटलं.

“का?”

सासूबाईंनी मोकळ्या हातानं स्टूल दाखवलं. “बस बाई. आता वाचू.”

नव्वदेक पानं उरली होती. मी वाचायला सुरुवात केली. त्या बाई पूर्ण वेळ माझ्याकडेच बघत बसल्या, एकदाही सुयांकडे नजर गेली नाही. अकरा वाजले तेव्हा दहा पानं शिल्लक होती आणि पुढच्या शिफ्टचे पेशंट दारात येऊन थांबले होते. सिस्टरनी सुया काढल्या. सासूबाई हातावर कापसाचा बोळा दाबून धरत म्हणाल्या, “बाहेर बसू.” मी मुख्याध्यापिकांना उशीर होईल असा मेसेज केला आणि पॅसेजमधल्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत, शेवटची दहा पानं वाचली.

सर्व्हेअर परत येत नाही. नर्स बदली मागून घेते आणि तो असतो त्या गावी स्वतःच जाते. तो नदीकाठी मापं घेत असतो. ती त्याच्या टेपचं दुसरं टोक उचलून धरते. एवढ्यावर पुस्तक संपलं.

“म्हणजे ह्यांचं चुकलं,” काकांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांना हसू आलं. “घरात कधी चुकले नाहीत हो. टीव्हीवर काही लागलं की आधीच सांगायचे, आणि तेच व्हायचं.” मग त्या रडल्या, पदरानं तोंड पुसलं.

सासूबाई म्हणाल्या, “माझं बी कुठं बरोबर आलं? ती उठून जाईल असं मी तरी कुठं म्हणले व्हते? दोघं बी हरलो.”

“आता हे मी सांगू कुणाला?” त्या बाई म्हणाल्या. हे त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं नाही.

“शुक्रवारी ये,” सासूबाई म्हणाल्या. “दुसरी गोष्ट हाय.”

त्या खरंच आल्या. दोन महिने, जमेल त्या शुक्रवारी, फक्त ऐकायला. आत यायच्या, मशीनकडे पाठ करून बसायच्या. मग त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि त्या संगमनेरला गेल्या. पुन्हा भेट झाली नाही.

कादंबरी संपली त्या मंगळवारी रिक्षातच सासूबाईंनी मला बजावलं होतं, “मोठं पुस्तक आता आणू नको. चांगलं असलं तरी नको. जे काय व्हायचं ते त्याच दिशी झालं पाहिजे.” मी वाद घातला नाही. तेव्हापासून आमच्या पिशवीत फक्त संग्रह आणि लघुकादंबऱ्याच गेल्या. लायब्ररीवाल्या काकू आता अंक हातात देतानाच पानं मोजून देतात.

पावसाळा संपत आला तेव्हा एका जुन्या अंकातली लघुकादंबरी निघाली. मी आधी चाळली नव्हती. विसाव्या पानावर माझ्या लक्षात आलं की ही मुलगा-मुलगी जातीबाहेर लग्न करणार आहेत, आणि मुलाची आई लग्नाला येणार नाही. थांबावं का, असं वाटलं. पण मी थांबले असते तर त्यांना का ते कळलंच असतं. मी आवाज न बदलता वाचत राहिले. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. एरवी त्या दर दोन पानांनी काहीतरी म्हणायच्या. शेवटी आई येते, सुनेच्या गळ्यात पडून रडते, सगळे हसतात, आणि संपतं.

“हे खोटं हाय,” सासूबाई म्हणाल्या.

“काय खोटं?”

“इतक्या लवकर नाय येत कोणी.” त्यांनी घोंगडी नीट केली. “ती आई वाईट म्हणून नाय राहिली घरात. ती भ्याली. भावकी काय म्हणंल, जावा काय म्हणतील. मी बी भ्याले.”

अकरा वर्षांत या विषयावर त्यांनी उच्चारलेली ही पहिली वाक्यं होती. मला गहिवरून वगैरे आलं नाही. मला आठवलं की माझ्या आईनं लग्नात त्यांच्यासाठी हिरवं लुगडं घेऊन ठेवलं होतं.

“तुमचं जमलं कसं?” त्यांनी विचारलं. “पोरानं मला कधी सांगितलं नाय. मी बी नाय विचारलं.”

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी सांगितलं. मी डी.एड.ला होते, तो डिप्लोमाला. आमच्या वस्तीजवळच्या अभ्यासिकेत दोघं बसायचो. तिथं दोनच पंखे होते आणि एका पंख्याखालची खुर्ची तो रोज वही ठेवून माझ्यासाठी धरून ठेवायचा. स्वतः खिडकीत घामाघूम होऊन बसायचा. चार महिने आम्ही बोललो नाही. मग एके दिवशी त्याची वही चुकून माझ्याकडे राहिली, ती परत करताना बोललो. पुढे सहा वर्षं थांबलो, दोघांना नोकऱ्या लागल्या, त्यानं घरी सांगितलं. एवढं सांगायला मला पंचवीस मिनिटंही लागली नाहीत.

“एवढंच?”

“तुम्ही नाही म्हणालात तिथपर्यंत एवढंच, आई.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, “पुढचं तुला ठावं नाय. पुढचं मी सांगते. तुमच्या लग्नाला वरीस झालं व्हतं. नाशिकला माझ्या मावसबहिणीच्या नातवाचं बारसं व्हतं, तिकडं आले व्हते. दुपारून कोणाला न सांगता निघाले. इंदिरानगर विचारीत विचारीत आले. तुमची बिल्डिंग सापडली. तीन जिने चढले. कुलूप व्हतं.”

“मी शाळेत असणार.”

“शेजारच्या बाईनं विचारलं, कोण पाहिजे? मी म्हणले, घर चुकलं. तिनं पाणी दिलं. पिले आणि खाली उतरले.”

“मग परत का नाही आलात?”

“धीर एकाच दिसाचा व्हता,” त्या म्हणाल्या.

मशीन वाजलं. सिस्टर आल्या, सुया काढल्या, वजन झालं. त्यांना घरी सोडून, भात-वरण झाकून ठेवून मी शाळेत गेले आणि पाचवीच्या वर्गाला नकाशात नद्या शोधायला लावल्या.

मला राग आला होता, आणि तो शुक्रवारपर्यंत उतरला नाही. कुलूप नसतं तर, हा विचार मी केला, पण त्याहून जास्त राग त्या ‘घर चुकलं’चा होता. दहा वर्षं. एवढ्या वर्षांत माझी मुलगी आमच्या दोघींच्या मध्ये उभी राहून भाकरीचे निरोप देत होती. रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला सांगितलं. तो घास हातात धरून बसला. “तीन जिने?” एवढंच म्हणाला, कारण त्याच्या आईचे गुडघे तेव्हाही दुखायचे.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी नेहमीप्रमाणे त्यांचा हात धरून जिना उतरवला. त्यांनी विचारलं, “रागावली का?”

“हो,” मी म्हटलं.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि पायरी चुकू नये म्हणून माझा दंड जरा घट्ट धरला.

त्या दिवशी नवीन संग्रह होता. पहिली कथा विमानात भेटलेल्या दोघांची होती. दोन पानं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि मी पान उलटलं. दुसरी एका फुलवालीची होती, गंगापूर रोडला झेंडूचे हार करणाऱ्या बाईची. ती त्यांनी डोळे उघडे ठेवून शेवटपर्यंत ऐकली, आणि संपल्यावर म्हणाल्या, “हिची परत वाच. मधल्या पानांना माझा डोळा लागला व्हता.” अजून दीड तास हातात होता. मी परत पहिल्यापासून सुरुवात केली.